हायवेवर राखणदार नसतो

वर्सोव्याहून मासळी आणली की डिकीत खवलं उरतातच. कितीही धुवा, महिन्यानं कुठल्या तरी फटीतून एखादं चमकतं. आमच्या फियाटचे किस्से तसेच. मी मुद्दाम सांगत बसत नाही. कुणीतरी शहाणा विचारतो, "आजी, हायवे असताना आरेतून कशाला?" मग माझं डोकं फिरतं आणि एकेक निघत जातं.

*

गाडी आमच्या ह्यांची. टॅक्सी होती. हे गेल्यावर परमिट परत केलं, गाडी ठेवली आणि चालवायला माझी मीच शिकले. लायसन्ससुद्धा आहे, विचारायचं काम नाही. वरून पांढरा रंग मारला, पण टपाचा पिवळा अजून डोकावतो.

एकदा अंधेरीत सिग्नलला उभी होते. सफारी सुटातले एक गृहस्थ मागचं दार उघडून खुशाल आत बसले. "मुलुंड," म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. मला मुलुंडच्या अलीकडं नाहूरला घरी जायचंच होतं, म्हटलं चला. आरेची झाडी लागल्यावर साहेब जागे झाले. "अहो बाई, हायवे सोडून हे कुठं? मीटर वाढवताय?"

मी गाडी थांबवली. "आधी मीटर कुठंय ते दाखवा."

शोधला. नव्हता. मग हाताची घडी घालून बसले. पवईचा तलाव आला तेव्हा मात्र काच खाली करून म्हणाले, "छान आहे हो. पहिल्यांदाच बघतोय."

"नोकरी कुठं तुमची?"

"इथंच. पवईला."

*

माझा मुलगा सुहास बँकेत आहे. त्याचं एकच तुणतुणं. "आई, हायवेनं वेळ वाचतो."

"वाचलेल्या वेळात काय करतोस?"

"झोपतो."

"मग मागच्या सीटवर झोप. गाडी मी चालवते."

*

इंदू माझी शेजारीण, कुडाळकडची. मासळी आणायला नेहमी माझ्या शेजारी बसते. आरेत एकदा तबेल्याच्या म्हशींनी आम्हाला घेरलं. एकीनं खिडकीतून तोंड घातलं आणि इंदूच्या डोक्यातला अबोलीचा वळेसार शांतपणे खाल्ला. इंदू उतरून भय्याशी भांडली. तो म्हणाला, "माताजी, आज का दूध मीठा होगा."

सुहासला सांगितलं तर म्हणतो, "हायवेवर म्हशी नसतात."

तिकडं काहीच नसतं रे बाबा. तेच तर सांगतेय.

*

आता बिडीचं. आरेत एका वळणावर जांभळाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. आमचे हे तिथं टॅक्सी उभी करायचे, बिडी पेटवून दगडापुढं ठेवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. आमच्या गावाकडं वेशीवरच्या देवाला, राखणदाराला बिडी देतात, तशी. हे गेले म्हणून राखणदाराला उपाशी ठेवायचं? पण मला खोकला, झुरका मारायला जमत नाही. म्हणून पेटवायचं काम इंदूकडं.

त्या दिवशी भर दुपारी ती गालफडं आत ओढून बिडी पेटवतेय, आणि मागून हवालदार. "काय आजी, हे वय आहे का?"

इंदू ठसकत म्हणाली, "माजी नाय ती. तेची हा." आणि दगडाकडं बोट दाखवलं.

हवालदार हसत निघून गेले. पण ते निघाले आमच्याच बिल्डिंगमधल्या एकांचे मेहुणे. संध्याकाळपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना खबर.

सुहास पेटला. "माझं लग्न ठरायचंय, आई. मुलीकडच्यांना कळलं, सासू जंगलात बिड्या पेटवते, तर? किल्ली दे. यापुढं गाडी मी चालवणार. आणि हायवेनं."

नवऱ्याची गाडी, लायसन्स माझं, आणि किल्ली याच्या खिशात. महिनाभर मी त्याच्याशी जेवणापुरतं बोलले.

*

मग बोरिवलीची मुलगी बघायचं ठरलं. मी आणि इंदू बसनं गेलो. सुहास बँकेतून परस्पर गाडी घेऊन आला.

"कसे आलात?" मुलीच्या वडिलांनी सुहासला विचारलं.

"हायवेनं," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "म्हणून वेळेवर पोचलो."

मी पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला. बोलले असते तर लग्न तिथंच मोडलं असतं.

मुलगी चहा घेऊन आली. सुहासला घाम फुटला. त्यानं रुमाल खेचला, तर त्याच्याबरोबर बिड्यांचं बंडल बाहेर आलं आणि टीपॉयवर पडलं. कागद फाडलेला, एक बिडी काढलेली.

वडिलांचा चेहरा बदलला. "आमच्या घरात व्यसन चालत नाही."

आयुष्यात सुहासनं बिडी ओठाला लावलेली नाही, आणि हायवेवर राखणदार नसतो. इंदू काहीतरी बोलणार होती, मी तिला चिमटा काढला.

"त्याची नाही, माझी आहे," मी म्हटलं आणि हात पुढं केला.

सुहासनं बंडल माझ्या हातावर ठेवलं. मी हात मागं घेतला नाही.

मग त्यानं दुसऱ्या खिशातून किल्ली काढली.