अठरावे चित्र

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अठ्ठावीस वर्षे तंबू उभारत आले आहेत. कामावर त्यांना सगळे मुकादमच म्हणतात. प्रत्येक मेख ठोकून झाली की जमिनीलगत तिच्यावर खडूची रेघ ओढायची, ही त्यांची पद्धत. रेघ जमिनीपासून वर दिसली, तर मेख उखडते आहे असे समजावे. अशा माणसाला कंपनीने कळवले, की मुकादमी टिकवायची असेल तर इंग्रजी शब्दांची तोंडी परीक्षा द्यावी. वीस चित्रे; अठरा उत्तरे बरोबर हवीत; मध्येच खुर्ची सोडणारा नापास.

माझी तक्रार शब्दांविरुद्ध नाही. मी शाळेत इंग्रजीच शिकवतो. परदेशी ग्राहकाने तंबू मागितला आणि मुकादमाने दुकानावरचे कापड नेऊन दिले, असे होऊ नये हे मलाही मान्य आहे. म्हणून तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात बसून त्यांची उजळणी घेतली.

"मोठ्या समारंभाचा तंबू?"

"मार्की."

"दुकानापुढचं, गुंडाळता येणारं कापड?"

"ऑनिंग."

"इमारतीच्या दारावरचं छत?"

भावोजी कांदा चिरणाऱ्या ताईकडे पाहू लागले.

"माझ्याकडे काय बघता? मला येत असतं तर मीच नसते का झाले मुकादम?"

"ऑनिंग... नाही, थांब. कॅनोपी!"

"झालं! डोंगर पोखरून उंदीर काढला एकदाचा," ताई म्हणाली.

एका जाड कोशात दारावरच्या छतालाही मार्की म्हटलेले आढळले. ते पान मी त्यांना दाखवले नाही. ज्यांची भाषा त्यांचे एकमत नसावे आणि परीक्षा मात्र आमची व्हावी, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या समारंभासाठी उभ्या केलेल्या तंबूतच होती. तो तंबू भावोजींनीच सकाळी उभारला होता. परीक्षक टेबलापाशी चित्रे घेऊन बसले. मला मागच्या रांगेत बसण्याची मुभा मिळाली. दुपारी वारा सुटला. कापड फुगून आपटत होते आणि परीक्षकांना एकेक प्रश्न ओरडून विचारावा लागत होता. सतरा चित्रे झाली, एकही चूक नाही. आता फक्त एक उत्तर हवे होते.

अठराव्या चित्रात एका इमारतीचे दार होते आणि दारावर छत.

भावोजींचे ओठ हलले. पण नजर उघड्या बाजूने बाहेर गेली होती. मीही तिकडे पाहिले. वाऱ्याकडच्या तिसऱ्या मेखेवरची पांढरी रेघ जमिनीपासून चार बोटे वर आली होती. ती मला दिसली आणि मी मनात म्हणालो, "बसा. एकच शब्द." हे मी लपवणार नाही.

ते उठले.

"साहेब, मेख..."

"इंग्रजीत बोला. आणि बसा."

"पेग! पेग अप! ऑल आउट!"

"मी अठरावं चित्र विचारलंय."

भावोजींनी गळ्यातली शिट्टी फुंकली. खुर्च्या मांडणारी माणसे बाहेर धावली. परीक्षकांना त्यांनी दंड धरून ओढले. आम्ही दहा पावले गेलो असू, तोच दोर सुटला, खांब कलंडला आणि जड कापड त्या टेबलावर कोसळले. कोणालाही खरचटले नाही.

आठवड्याने निकाल आला: "सतरा बरोबर. खुर्ची सोडली. अनुत्तीर्ण."

कार्यालयात तक्रार द्यायला मी भावोजींना बळेच नेले. अर्ज चार पानी होता. त्यातला शब्द न् शब्द मी तोलून लिहिला होता. मुख्य दारापाशी ते थांबले आणि मान वर करून पाहू लागले.

"चला ना, साहेब जेवायला जातील," मी म्हणालो.

"कॅनोपी," ते म्हणाले.

"आता काय उपयोग?"

"डावीकडचा बोल्ट ढिला झालाय. दिवसभर माणसं ये-जा करतात खालून. अर्जात आधी ते लिही. माझं मागाहून."

मी तिथल्याच पायरीवर बसलो, चार पाने बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर पहिले कलम बोल्टचे लिहिले. भावोजी तोवर दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना उजवीकडून जायला सांगत होते.