पाणी आलं की नेट जायचं

पुण्याच्या बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं, आणि पुढे बराच वेळ ते उघडंच राहिलं. इकडे मी बोलत होते, हात हलवत होते, पण लॅपटॉपवरून त्यांच्याकडे पोचलेलं माझं चित्र गोठून बसलं होतं. त्यांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला, "ताई... तुमचा... ऐकू..." आणि मग तोही गेला. शेवटी त्यांनी मोबाइलवर फोन केला. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "तुमच्या भाषा चांगल्या आहेत, ते लेखी परीक्षेत दिसलंच. पण हे काम नेटवरून बोलण्याचं आहे. लाइन अशी असेल तर मी तरी काय करू? दसऱ्यानंतर आणखी एकदा बोलू. त्यानंतर मात्र मला जागा भरावी लागेल."

ते काम माझ्यासाठीच जन्माला आलंय असं मला वाटत होतं. शेतकऱ्यांना फोनवरून सल्ला देणारी ती कंपनी. आमच्या सीमेवरचा शेतकरी बोलायला लागला की पुण्यातल्यांना त्याचं निम्मं कळायचं नाही, आणि बंगळूरकडच्यांना उरलेलं निम्मं. दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि ते घरबसल्या करता येणार होतं. माझं माहेर आळंद तालुक्यातलं. शाळा कानडी, घर मराठी, बाजार दखनी. लग्न होऊन भालकीला आल्यापासून या तिन्ही भाषांचा उपयोग काय, तर भाजीवालीशी घासाघीस. माझ्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणी पुण्याला नाहीतर हैदराबादला गेल्या. मला घर सोडून जायचं नव्हतं, पण नुसतं घर धरूनही बसायचं नव्हतं. हे काम हुकलं तर दुसरं काही दारात चालून येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याचा तुरीचा व्यापार. घरात नेट त्यानंच घेतलं होतं, उदगीर-लातूरचे भाव बघायला. लॅपटॉप माझ्या भावानं वापरून दिलेला. मुलाखत फसल्याचं सांगितल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे. आपल्याकडं असंच राहतंय."

या वाक्याचा मला जन्माचा राग आहे. रस्ता उखडला, आपल्याकडं असंच. बस आली नाही, आपल्याकडं असंच. जणू देवानं जग वाटताना बरं तेवढं सगळं दुसरीकडे दिलं आणि खालचा गाळ आमच्या जिल्ह्यात ओतला.

"आपल्याकडं कामून असंच?" मी विचारलं. "सकाळी तुमचे भाव तर झरझर दिसायलेत की."

"मग काय आता तू लाइनमन होणार व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "होते."

तर झाले लाइनमन. नेटची पेटी बैठकीत टेलिफोनशेजारी होती. तिच्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतः विणलेला लोकरीचा रुमाल घातला होता. धूळ बसू नये म्हणून, आणि घरात आलेली कुठलीही वस्तू उघडी राहणं बरं दिसत नाही म्हणूनही. टीव्हीला होता, मिक्सरला होता, मग हिनंच काय पाप केलं होतं? तो रुमाल काढला. पेटी गरम होत होती ती थंड झाली, नेट होतं तिथंच राहिलं. पेटी बंद करून चालू केली. लॅपटॉपमधली नको ती सामग्री उपटून काढली. शेजारचे फुकट वापरत असतील असा संशय घेऊन पासवर्ड बदलला. तो नवऱ्याला सांगायला विसरले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लातूरचा भाव दिसेना आणि माझं नाव सगळ्या बाजारात झालं. आत्यांनी यातलं काही न विचारता पेटीच्या वर लिंबू-मिरची बांधली. "नजर लागलीय," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या बाईनं एवढा वेळ बघितलंय तुला."

मग एकदा सगळे बाहेर गेलेले असताना मी लॅपटॉप उचलून बैठकीत, पेटीच्या पुढ्यात जाऊन बसले. नेट असं पळायला लागलं की मला हसूच आलं. म्हणजे तार चांगली होती, पेटी चांगली होती, लॅपटॉपही चांगला होता. बिघाड होता तो बैठक आणि माझी आतली खोली यांच्या मधे. पण मधे होतं काय? घरातलाच एक बोळ. त्या बोळात भुतं तर राहत नव्हती.

बैठकीतच बसून मुलाखत द्यावी म्हणाल, तर तिथं सकाळपासून दलाल आणि शेतकरी, चहा, टीव्ही आणि तुरीवरून भांडणं. तिथं बसून परीक्षा देणं म्हणजे बाजारात पाट मांडून जेवण्यासारखं. बीदरहून लांब वायर आणवली, ती दोन दिवसांत दाराच्या फटीत चेंगरून मेली. पेटी कपाटावर चढवली, फरक पडला नाही.

असं करत दसरा जवळ आला. आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण, गोधड्या, वाकळा, पडदे, सगळं धुवायचं, भांडी घासायची, कोळ्याचं जाळंसुद्धा राहता कामा नये. आत्यांचा दसरा म्हणजे युद्धच. त्या दिवशी घरातलं साठवलेलं पाणी शेवटच्या तांब्यापर्यंत संपलं. संध्याकाळी कंबर धरून मी खोलीत आले, लॅपटॉप उघडला, आणि भावानं पाठवलेल्या भाचीच्या बारशाची चित्रफीत, जी उघडायला एरवी स्वयंपाक होऊन जायचा, ती कुठेही न अडता शेवटपर्यंत चालली. मी ती पुन्हा लावली. पुन्हा चालली.

"बघ," आत्या दारातून म्हणाल्या, "घर स्वच्छ केलं की लक्ष्मी येतीया."

मला ते खरं वाटायला लागलं होतं. पण मग नळाला पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी नेट मेलं. घर तर तसंच लख्ख होतं. मी बोळात जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

आमच्या गल्लीत तेव्हा पाणी आठवड्यानं यायचं, कधी त्याहून उशिरा. ते धरून ठेवायला बोळाच्या भिंतीला लागून निळे प्लास्टिकचे ड्रम ओळीनं उभे होते, माणसाच्या छातीएवढे. त्यांच्या वर फळीवर हंडे, हंड्यांवर कळश्या, थेट छतापर्यंत. पाणी आलं की हे सगळं काठोकाठ भरायचं आणि आठवडाभर हळूहळू उतरायचं. मी मनातल्या मनात मागचे आठवडे आठवले. मुलाखत पाणी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. नेट बरं चालायचं ते नेहमी पाणी संपत आल्यावर, आत्यांची चिडचिड सुरू व्हायची तेव्हा. पाणी चढलं की नेट उतरत होतं, पाणी उतरलं की नेट चढत होतं. पेटीतून हवेतून माझ्या खोलीकडे येणारं नेट वाटेतलं पाणीच गिळत होतं. बैठक आणि माझ्या खोलीमध्ये आम्ही स्वतःच्या हातानं पाण्याची भिंत उभी केली होती, आणि दर आठवड्याला ती मोठ्या कौतुकानं नवी करत होतो.

मी बोळात एकटीच नाचले. खोटं कशाला सांगू, पदर खोचून नाचले.

पण कळणं वेगळं आणि आत्यांना पटवणं वेगळं. भरलेले ड्रम म्हणजे त्यांची इज्जत होती. लेक-जावई आले आणि घरात पाणी नाही, अशी वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. ड्रम अंगणात ठेवू या म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी देव अंगणात ठेवायला सांगत होते.

"अंगणात? कोंबड्या, पाला, येणारी-जाणारी! आणि पाणी कुठं वाऱ्याला अडवतंय का? येड लागलंय तुला त्या मशीनपायी."

नवरा मधे पडला नाही. मीही मग हिशेब केला की मुलाखतीपर्यंत पाणी बरंच उतरलेलं असेल, कशाला तोंड वाजवा? दसऱ्यानंतरची बाईंनी दिलेली वेळ दुपारची होती, मधलं एक पाणी तोवर उतरलं असतं, आणि पुढचं यायला अजून अवकाश होता.

मुलाखतीच्या सकाळी गल्लीत ओरडा झाला. "पाणी आलं! पाणी आलं!"

नळ कधी वेळेवर येत नव्हता, तो त्या दिवशी वेळेआधी आला. आत्या पाइप घेऊन बोळात पोचल्यासुद्धा. पहिला ड्रम धडधड भरायला लागला. रडावं की भांडावं कळेना. मग मी दोन्ही सोडलं आणि त्यांचा हात धरला.

"आत्या, पाइप मी धरते. तुम्ही फक्त माझ्या खुर्चीत बसा. एवढं ऐका. पुन्हा काही मागणार न्हाई."

त्या कुरकुरत बसल्या. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या दांड्या त्यांना दाखवल्या. आत्यांना अक्षरओळख नव्हती, पण दांड्या तर कुणालाही मोजता येतात. "ह्या किती हायेत आणि कमी व्हायल्यात का, एवढंच मोठ्यानं सांगा."

"पाच हायेत."

मी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. तो भरला, तिसरा भरला.

"चार झाल्या की गं!"

आणखी एक भरला. घरात फक्त पाण्याचा आवाज. नवराही बैठकीतून उठून बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता.

"तीन," आत्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "अगं दोनच राहिल्यात. अगं, थांब! बंद कर पाणी! बंद कर म्हणते!"

त्या घरात आत्यांनी आलेलं पाणी बंद करायला लावलं, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्या उठून बोळात आल्या, भरलेल्या ड्रमला हात लावून उभ्या राहिल्या. "व्हय की गं," एवढंच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "बघत काय उभारलास? वढ ती पिपं अंगणात!"

रिकामे ड्रम नवऱ्यानं आणि बैठकीतल्या दोन दलालांनी ओढून बाहेर नेले. पाइप अंगणात गेला, तिथं ते भरले. भरलेले मात्र हलेनात. तेव्हा आत्यांनी दारात जाऊन गल्लीला हाक दिली, "या गं, घागरी घेऊन या. आमचं पाणी न्या!" बायका आधी विश्वास ठेवेनात. आमच्या आत्या आणि पाणी वाटायल्या? पण मग रांग लागली, आणि भरलेले ड्रम बघता बघता रिकामे झाले. जी ती विचारत होती, काय झालंय? आत्या सांगत होत्या, "सुनेची परीक्षा हाय."

दुपारी मी खुर्चीत बसले तेव्हा पाचही दांड्या उभ्या होत्या. बाई पडद्यावर आल्या, हसल्या आणि हसतच राहिल्या नाहीत, पुढे बोलू लागल्या. तेवढ्यानंही माझा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, "आता एक खरा फोन जोडते. शेतकरी तुमच्याच भागातला आहे. सकाळपासून आमच्या तिघांनी प्रयत्न केला, त्याचं काय दुखणं आहे तेच कळेना."

फोन जोडला गेला. म्हातारा कावलेला होता. एका दमात म्हणाला, "तोगरिगे हुळा बिद्दाव री! फुलं गळायलीत. दवा कौनसी मारूं, जल्दी बोलो, दुकान बंद होतंय!"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तीन भाषांच्या तीन धाग्यांनी विणलेलं हे बोलणं मी आयुष्यभर ऐकत आले होते, आणि शाळेत त्याला सगळे अशुद्ध म्हणायचे. मी बाईंना सांगितलं, "तुरीला अळी पडली आहे, फुलगळ सुरू आहे, औषध कुठलं मारायचं विचारतायत, आणि दुकान बंद व्हायच्या आत हवंय." पलीकडच्या कृषितज्ज्ञानं विचारलं, अळ्या झाडाला किती दिसतात? मी आजोबांना त्यांच्या बोलीत विचारलं. त्यांनी सांगितलं. औषध ठरलं, पाण्यात किती टाकायचं ते ठरलं, सकाळी मारायचं की संध्याकाळी तेही ठरलं. मी त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "अक्का, तू कुठली गं?"

"भालकीची, अप्पा."

"मग सकाळधरनं कुठं मेली होतीस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुण्याच्या बाई खुर्चीत मागे रेलून खळखळून हसल्या. त्यांचं हसू एकदाही अडकलं नाही, तुटलं नाही, गोठलं नाही. त्यांनी विचारलं, "कधीपासून बसाल?"

"बसलेलीच आहे," मी म्हटलं.

ड्रम अंगणातच राहिले. त्यांच्यावर आत्यांनी पत्र्याची झाकणं करून घेतली आणि झाकणांवर विणलेले रुमाल घालता येतील का, याचाही विचार करून पाहिला. नवऱ्याला मित्र विचारायचे, वायरलेस हळू चालतंय, काय करावं? तो फुशारकीनं सांगायचा, "मधे पाणी हाय का बघ." जणू शोध त्यानंच लावला होता. मी ऐकून सोडून द्यायचे, कारण जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं.

कामाला लागून थोडे दिवस झाले असतील. मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते, दोन फोनांच्या मधे थोडी उसंत होती. शेजारची बाई विरजण मागायला आली आणि तिनं सवयीनं मला हाक मारली. दार अर्धं उघडंच होतं, तिला माझी पाठ दिसत असणार. आत्या पटकन पुढे झाल्या, दार ओढून घेतलं, आणि आवाज खाली करून म्हणाल्या,

"ती घरी न्हाई. हापिसात गेलीया. पाचला येतीया."