वरचा आवाज, खालचा आवाज

सदर इसम, वय वर्षे एकोणसाठ, बांधा मध्यम, व्यवसाय अवजड वाहनांच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती, ओळखीची खूण उजव्या कानामागे ग्रीसचा कायमस्वरूपी डाग. इंजिनातील दोष सदर इसमास केवळ ऐकून सांगता येतो, याबाबत परिसरातील वाहनधारकांचे एकमत असून त्यास आजतागायत कोणीही हरकत घेतलेली नाही. सदर इसमास गेली चार वर्षे बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. बायकोही चारचौघांत 'आमचे मिस्त्री' म्हणते आणि घरात 'अहो'. अलीकडे ते 'अहो' तीनदा म्हणावं लागतं.

"तीस वर्षं ऐकू येत होतं तेव्हा माझं ऐकलं नाहीत," ती म्हणते. "आता ऐकायला बसता, तर ऐकू येत नाही. काय वेळ साधलीय!"

मिस्त्री हसतो. हे वाक्य त्याला ओठांवरून पाठ झालंय.

पत्र्याची शेड, मधोमध खड्डा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि प्रत्येक पान्यामागे रंगवलेली त्याचीच आकृती, म्हणजे कुठला उसना गेलाय ते लांबून कळावं, असं त्याचं दुकान. नवी इंजिनं तिथे येत नाहीत. त्यांना वायर लावून एक डबी जोडतात आणि डबी आजाराचा नंबर सांगते. मिस्त्रीकडे येतात ती जुनी. जुन्या इंजिनाचं दुखणं म्हाताऱ्या माणसासारखंच असतं, ठरलेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं. सकाळी चालू होत नाही, कारण डिझेलच्या पाइपात रात्रीतून हवा शिरते. चढावर तापतं, कारण रेडिएटरमध्ये क्षार धरलेला असतो. उभ्या जागी ऑइलचं थारोळं करतं, आणि ते मात्र सगळीच करतात. धूर पांढरा असेल तर पाणी आत जातंय, निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर डिझेल धड जळत नाही. धूरच नसेल तर इंजिन बंद आहे.

पण ठोका असेल तर धूर काही सांगत नाही. तिथे ऐकावं लागतं. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. ठोका वरून येत असेल, कोरडा, कडक, तर डिझेल फवारणारं नॉझल. अर्ध्या तासाचं काम. खालून येत असेल, जड, कोणी ओल्या जमिनीवर मोगरी मारतंय असा, तर बेअरिंग; मग सगळं इंजिन उतरवायचं.

कान जायला लागले तेव्हा मिस्त्रीला वाटलं, इंजिनं सुधारली. झडपा हलवणाऱ्या टॅपेटची कुरकुर बंद झाली, पट्ट्याचं किंचाळणं थांबलं. वर्षभर तो स्वतःच्या कामावर खूश होता. मग एकदा त्याने पाइपातली हवा काढायला स्क्रू सैल केला, बुडबुडे डोळ्यांना दिसले आणि फुसफुस ऐकूच आली नाही. तेव्हापासून त्याला त्या आवाजांची आठवण येऊ लागली. माणसं गावाला गेल्यावर येते तशी. कामात असताना नाही, जेवायला बसल्यावर. सगळ्यात जास्त टॅपेटची. बाराच्या बारा नीट बसवले की बारा शिंपी एका लयीत कात्री चालवतायत असा आवाज यायचा. तो ऐकायला पूर्वी तो काम संपल्यावरही इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "तपासतोय."

दोन महिन्यांपूर्वी एका टँकरचं इंजिन त्याने ऐकलं आणि बेअरिंग सांगितलं. खालचं ऑइलचं चेंबर काढलं, तर बेअरिंग चकचकीत. दोष नॉझलचा होता. वरचे, बारीक आवाज गेल्यामुळे त्याला आता प्रत्येक ठोका खालचाच वाटत होता. "खात्री करून घेतलेली बरी," तो टँकरवाल्याला म्हणाला, आणि टँकरवाल्याने या काळजीबद्दल त्याचे आभार मानले. ते आभार त्याला फार लागले.

एक्स्प्रेस आला तो या चुकीनंतर. एक्स्प्रेस म्हणजे एका जुन्या ट्रकचा मालक आणि ड्रायव्हर, दोन्ही तोच. चाळीसच्या वर त्याने कधी गाडी नेली नाही म्हणून हे नाव. सव्वीस वर्षांत त्या इंजिनाला मिस्त्रीखेरीज कोणी पाना लावला नव्हता. त्याचा क्रँक, म्हणजे बेअरिंगांत फिरणारा मुख्य दांडा, तीनदा घासून झाला होता. चौथ्यांदा घासला तर त्या मापाचं बेअरिंग कुठेच मिळत नाही. ऑइलच्या दाबाचा काटा दहा वर्षांपूर्वीच मान टाकून बसला होता, त्यामुळे त्याची साक्ष काढण्यात अर्थ नव्हता.

"ठोका लागलाय," एक्स्प्रेस म्हणाला. "पण वरचा असणार. नॉझलच."

"डॉक्टर कोण, तू की मी?"

"तू. पण पेशंट माझा आहे."

इंजिन चालू केलं. मिस्त्रीने मूठ हाडाला लावली. खालून. दाताखाली धरली. खालूनच. टँकरचंही खालूनच वाटलं होतं. समोर एक्स्प्रेस उभा, शाळेच्या निकालाला आईबाप उभे राहतात तसा, हात कुठे ठेवावेत ते न कळून. खालचा म्हटलं तर हा ट्रक भंगारात. वरचा म्हटलं आणि खालचा निघाला, तर उद्या घाटात क्रँक तुटेल. आणि चेंबर उघडून बघू म्हटलं, तर ज्या कानावर सव्वीस वर्षं हा माणूस डोळे मिटून चाललाय, तो कान गेला हे आपोआप उघड.

"काय रे?" एक्स्प्रेसने विचारलं. मग ओरडून, "मिस्त्री! काय म्हणतंय?"

मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला.

"तू ऐक."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मला ऐकू येत नाही."

"इंजिन चालू असताना कोणालाच—"

"तसं नाही. वरचं काहीच येत नाही. चार वर्षं झाली."

एक्स्प्रेसने आधी त्याच्या कानाकडे पाहिलं, जणू तिथे काही दिसणार होतं. "चार वर्षं!" तो म्हणाला. "आणि गेल्या वर्षी माझा पंप बसवलास तो?"

"हाताने."

"बरं बसला होता," एक्स्प्रेस म्हणाला आणि त्याने मूठ कानाला लावली. मिस्त्रीने त्याचा हात धरून टोक आधी वर ठेवलं, मग खाली. एक्स्प्रेस बराच वेळ ऐकत राहिला. 'वरून' म्हणाला असता तर खोटं पाडणारं तिथे कोणी नव्हतं. निदान उद्यापर्यंत तरी. त्याने टोक पुन्हा वर नेलं, आशेने. मग खाली.

"खालून," तो म्हणाला. "चौथ्या सिलिंडरपाशी. जड आहे रे."

"नक्की?"

"नक्की नसतं तर बोललो असतो का?"

तो स्क्रू-ड्रायव्हर परत देऊ लागला. मिस्त्रीने घेतला नाही.

"वर टॅपेटच्या झाकणावर ठेव. काय ऐकू येतंय?"

"आता कशाला? निकाल लागला ना."

"सांग तर."

एक्स्प्रेसने मूठ पुन्हा लावली. "टिकटिकतंय."

"सगळं सारखं?"

"सारखं. नाही, एक जरा मागे राहतंय. लंगडत येतंय पाठोपाठ."

"ते पाचव्याचं. ते पहिल्यापासूनच तसं. पुढे ने. पंपावर."

"बारीक गुणगुण. माशी बाटलीत अडकल्यासारखी."

"मधे तुटते का?"

"नाही. सलग आहे."

"बरोबर." मिस्त्री झाकणावर तळहात ठेवून उभा होता. "अजून सांग."

एक्स्प्रेसला बोलण्याची सवय नव्हती. पण त्याने पट्टा सांगितला, पंखा सांगितला, कुठलीतरी पट्टी थरथरते ते सांगितलं, आणि शब्द संपले तेव्हा तोंडानेच आवाज काढून दाखवले. ते आवाज मिस्त्रीला ऐकू येत नव्हते. त्याने तसं म्हटलं नाही. "हां," तो म्हणत होता, "हां, असंच करायचं ते," आणि एक्स्प्रेसच्या ओठांकडे बघत होता. इंजिन पाऊण तास उगाच चालू होतं. ठोक्यासकट.

मग एक्स्प्रेसनेच ते बंद केलं.

दुपारी चेंबर उतरवलं. चौथं बेअरिंग तांब्यापर्यंत झिजलं होतं. मिस्त्रीने दुकानाचं जॉबकार्ड काढलं, पुसट कार्बन पेपर नीट लावला आणि भरायला घेतलं. वाहनाचा प्रकार: ट्रक. तक्रार: ठोका. निदान: बेअरिंग, चौथे, क्रँक यापुढे घासता येणार नाही. निदान करणाऱ्याचे नाव या रकान्यात त्याने एक्स्प्रेसचं नाव लिहिलं.