घोडेमामांची पाच घरं

घोडेमामा जन्मात कधी घोड्यावर बसले नाहीत. आईचे हे चुलतभाऊ उदगीरकडचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मागे घोडा आणि पुढे मामा पायी. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मला पाय हायत की. त्याच्या पाठीला कशाला तरास?" लग्नघरी कुणी वरातीला घोडी मागितली की साफ नकार. "जीप बघा. ह्या जातवंत आईबापाच्या हायत, तुमच्या बँडला भिऊन गाभ टाकतील."

त्यांच्याकडे पाच घोड्या आणि एक घोडा. मग दुष्काळ आला. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, गावात पेढे वाटून झाले होते. मामा म्हणाले, "जिल्हा नवा मिळाला, पर हिरीत पानी जुनंबी न्हाई." व्यापारी दावणीशी येऊन पडेल भाव सांगू लागले. मामांनी एकही घोडी विकली नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं अशा पाच नातेवाइकांकडे एकेक नेऊन बांधली. घोडी मामांची, शिंगरू सांभाळणाऱ्याचं. अट एकच: घोडा मामा स्वतः आणणार, दुसरा लागू द्यायचा नाही.

मुदखेडजवळच्या आमच्या घरी चंद्री आली आणि माझ्या ताब्यात गेली. मी तेव्हा कॉलेजात नापास होऊन घरी बसलेला, म्हणजे गावातला सगळ्यात मोकळा आणि सगळ्यात शहाणा. एकदा ऐट मिरवायला तिला स्टेशनापर्यंत नेली, टांग्यांपाशी बांधली आणि चहाला गेलो. चहा अर्धा होईपर्यंत एक तट्टू दावं तोडून आपलं काम उरकून मोकळं झालं होतं. टांगेवाला म्हणाला, "भैया, आपसे पैसे थोडेच लूँगा!" घरी मी चकार शब्द काढला नाही.

तीन महिन्यांनी मामा घोडा घेऊन चार दिवस चालत आले. चंद्रीनं त्याला जवळ फिरकू दिलं नाही, नुसत्या लाथा. मामांनी तिच्या पोटावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

"बाप कोण हाय?"

"टांग्याचं तट्टू."

वडील चप्पल शोधू लागले. मला वाटलं, आता चंद्री परत जाणार. मामा ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्याले. "चंद्री हितंच ऱ्हाईल. पर भाचेबुवा, शिंगरू इकताना बापाचं नाव तू सांगायचं. चार लोकांत. मोठ्यानं."

शिंगरू नेमकं आईवर गेलं, उंच मानेचं. दीड वर्षानं माळेगावच्या जत्रेत एका व्यापाऱ्यानं ते जातवंत समजून असा भाव सांगितला की वडिलांचा हात खिशाकडेच गेला. मामा माझ्या मागे उभे. मी डोळे मिटून ओरडलो, "ह्याचा बाप टांग्याचं तट्टू हाय!" आसपासची माणसं पोट धरून हसली. व्यापारी हसला नाही. त्यानं निम्म्या भावात शिंगरू घेतलं आणि मामांना म्हणाला, "फुडल्या साली तुमच्या पाचीबी घरची शिंगरं आधी मला दाखवा. हितं बाप कोण ते कळतंय."

त्यानंतर गिऱ्हाईक दारात येऊ लागलं. घोड्या वाढल्या तशी पाच घरांची अकरा झाली, पार बिलोलीपर्यंत.

मामा अंथरुणाला खिळले तेव्हा या अकरा घरी घोडा कुणी फिरवायचा, असा प्रश्न आला. मुलं, जावई, सगळे जाणते भोवती उभे होते. मामांनी माझ्याकडे बोट केलं.

"आण्णा, ह्यानंच तर तट्टू लावून आणलं होतं!" त्यांचा थोरला म्हणाला.

"हाव," मामा म्हणाले. "ह्यो चुकला तर सांगल. तुमचं मला ठाव न्हाई."