शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?

माझ्या साडूच्या थोरल्या भावाइतका, एका शब्दापायी चारचौघांना उपाशी बसवणारा मास्तर अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. वहिनी जेवताना म्हणाल्या, "आमटीत मीठ थोडं कमी हाय," की यांचा हात थांबलाच. "थोडं म्हंजी किती चिमटी?" शेवटी वहिनी मिठाचा डबाच ताटाशेजारी ठेवू लागल्या.

जळकोटच्या अलीकडच्या सात शाळांचे आम्ही सात मास्तर, अण्णा धरून, महिन्यातून एकदा गटसंमेलनाला जमायचो. एकदा अण्णांनी एकाच पोराचा शुद्धलेखनाचा कागद सगळ्यांपुढं फिरवला. चौघांनी पोराला 'कच्चा' ठरवलं, दोघांनी 'बरा' आणि मी 'हुशार', कारण पोरगं माझ्या वर्गातलं होतं. "एक पोरगं आन् तीन जाती," अण्णा म्हणाले, "मग तक्ते कशाला भरून राहिलो आपण?" दहा शब्दांत चार चुकले तर कच्चा, एवढं एकमतानं ठरेपर्यंत त्यांनी चहा येऊ दिला नाही. चहा आला तेव्हा तो प्यायच्या लायकीचा राहिला नव्हता.

मग दुष्काळ पडला. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, वरून रोज नवे तक्ते यायचे, आणि वर्गात पोरं दिसेनात. महिनाभर न आलेल्याचं नाव पटावरून कमी करा, असा हुकूम होता. मी नवखा होतो, हुकूम म्हणजे हुकूम. चौथीतल्या एका मुलीच्या नावावर मी तांबडी रेघ ओढली. तिची परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

पुढच्या संमेलनात अण्णांनी सातही हजेऱ्या शेजारी शेजारी मांडल्या. शेऱ्याच्या रकान्यात कुणी 'आजारी' लिहिलं होतं, कुणी 'परगावी', कुणी 'बेपत्ता'. माझा रकाना कोराच होता.

"वर बसलेल्याला वाटंल, सात गावांत सात रोग आलेत," अण्णा म्हणाले. "पोरं खरी कुठं हायत?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीवर घागरी घेऊन रांगेत. त्या दिवशी ठरलं, सातही शाळांनी एकच शब्द लिहायचा, 'पाण्यावर'. दुसऱ्या सकाळी अण्णा सायकल हाणत माझ्या शाळेत आले. मी ओढलेल्या तांबड्या रेघेखाली मुलीचं नाव त्यांनी पुन्हा लिहायला लावलं आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. नोकरी गेली तर दोघांची जाऊ दे, म्हणाले. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

तपासणीला आलेले साहेब सातही हजेऱ्या वाचत गेले. पाण्यावर, पाण्यावर, पाण्यावर. मग नावं राहू द्या म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून टँकर शाळेच्या दारात उभा राहू लागला. ती मुलगी परीक्षेला बसली. पास झाली.

गेल्या वर्षी नांदेडला अण्णांच्या मुलाकडं गेलो. त्यांना आता माणसं नीट आठवत नाहीत, वहिनीही राहिल्या नाहीत. माझ्याकडं बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "लई वर्षं आला न्हाईस. शेऱ्यात काय लिवू?"

पाण्यावर म्हणावं, तर गेली चार वर्षं पाऊस बरा झाला होता.