चादरीचा रंग पक्का होता

बनियनवर डाव्या बाजूला तांबूस डाग दिसला, तेव्हा मी आधी उज्जैनजवळच्या भैरवगढला जाऊन चादरी छापणाऱ्याशी भांडलो. छापील चादरींचा धंदा मी शून्यातून उभा केला आहे. चादरींच्या थप्प्या छातीशी धरून इकडून तिकडे ठेवतो, तेव्हा डाग त्याच्या कच्च्या रंगाचाच, याबद्दल मला शंका नव्हती. त्याने आईची शपथ घेतली. शपथेवर मी माल घेत नाही, म्हणून आणखी ओरडलो.

घरी बायकोने एक चादर बादलीत भिजवली. पाणी स्वच्छ राहिलं.

"रंग पक्का आहे," ती म्हणाली. "कच्चे तुम्ही आहात. शर्ट काढा."

छातीच्या डाव्या बोंडामागे वाटाण्याएवढी कडक गाठ होती, आणि बोंड आत ओढलं गेलं होतं. दोन्ही मला माहीत होतं. पण दुखत नव्हतं, आणि जे तक्रार करत नाही त्याला मी कधी विचारायला जात नाही.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "पेशंट कहाँ है?" मी छातीवर बोट ठेवलं, तरी तिने बायकोचंच नाव लिहिलं. बाकावर सगळ्या बायका होत्या. त्यांनी मला जागा दिली, पण पदर सावरून. छातीचा फोटो काढायच्या मशीनमध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये पकडायला माझ्याकडे ऐवज नव्हता. तरी तिथल्या बाईंनी पाठीपासून ओढून आणला.

तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. मी म्हटलं, हा बायकांचा आजार आहे, रिपोर्ट बदलला असेल. डॉक्टरबाईंनी समजावलं की पुरुषाच्या छातीतही स्तनाचा भाग थोडा असतोच, आणि पुरुष उशिरा येतात म्हणून जास्त फसतात. माझं अजून लांब पसरलेलं नव्हतं, पण थांबून चालणार नव्हतं. बोंडासकट सगळं काढावं लागेल, म्हणाल्या.

मी सौद्याला बसलो. निदान बोंड तरी ठेवा.

"भाईसाहब, यहाँ एक ही भाव है।"

मग मी माझा हमखास डाव टाकला. उठलो आणि दाराकडे चालू लागलो. या डावाला भलेभले व्यापारी मागून हाक मारतात. दारापर्यंत पोचलो. हाक आली नाही. मागे बघितलं तर बायको खुर्चीतून हललीसुद्धा नव्हती, ऑपरेशनची तारीख विचारत होती. स्वतःहून परत येऊन बसलो, असं धंद्यात कधी झालं नव्हतं.

घराण्यात कोणाला होतं का, हेही बाईंनी विचारलं. आत्याला होतं. आमच्याकडे त्याला दबक्या आवाजात 'छातीचं दुखणं' म्हणायचे. रक्ताची आणखी एक तपासणी झाली आणि कळलं, दोष पिढीजात आहे, आत्यासारखाच वडिलांकडच्या रक्तातून आलेला. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं.

वडिलांकडून मला काही मिळालं नाही, हे मी जन्मभर सांगत आलो. वाटणीत दुकान थोरल्या भावाला गेलं, तेव्हापासून बोलणं बंद. टाके सुकल्यावर त्याच दुकानाची पायरी चढलो. मला बघून दादा गल्ल्याला चिकटला.

"वाटणीचं असेल तर वकिलाशी बोल."

"वाटणीचंच आहे. एक गठान माझ्याकडे निघाली. तुझाही हिस्सा असू शकतो."

उज्जैनच्या कापडवाल्याला गठान म्हणजे मालाचा गठ्ठा. अंगातल्या गाठीलाही इथे गठानच म्हणतात, पण ते त्याला सुचलं नाही.

"गोदामात जागा नाही," तो म्हणाला. "सगळी तूच ठेव."

एखादी गोष्ट त्याने मला पूर्ण दिली असेल, तर ती हीच. मी शर्टाची बटणं काढली. आडवा व्रण बघून त्याचा हात आपोआप स्वतःच्या शर्टात गेला.

"आत्याचं हेच होतं?"

"हेच."

"कुठे बघायचं?"

"बोंडामागे. दुखत नाही म्हणून सोडू नकोस."

त्याच्या हाताला काही लागलं की नाही, ते त्याने सांगितलं नाही. शटर ओढलं, कुलूप दोनदा हलवून बघितलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. दुकान त्याच्या नावावर आहे, हे मी विसरलेलो नाही.

दवाखाना दिसू लागला तेव्हा त्याने विचारलं, "डॉक्टरबाई काही कमी करतात का रे?"

"दारापर्यंत जाऊन बघ," मी म्हटलं.