पुढच्या महिन्यातला प्रोसेसर

ओदुरोला घानातलं अख्खं कुमासी शहर ओळखायचं ते मयताचा फिल्मवाला म्हणून. तिकडे मयत म्हणजे शनिवारचा मोठा सोहळा; कुठेही मांडव पडला की हा कॅमेरे घेऊन हजर. शूटिंग फक्कड करायचा, त्यात कोणी नाव ठेवणार नाही. घोडं पेंड खायचं ते नंतर, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. नव्या कॅमेऱ्याची भारी चित्रं त्या जुन्या मशीनला झेपायचीच नाहीत. शवपेटी दोन पावलं पुढे गेली की सगळं ठप्प!

“अरे, तो प्रोसेसर बदल की एकदाचा!” त्याची बायको सेरवा तीन वर्षं कंठशोष करत होती. दुकानात ती बसायची, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या शिव्याही तिच्याच वाट्याला.

“नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही गं, मदरबोर्डही बदलावा लागतो. आणि आत्ता बोर्ड घेतला, तर पुढचा प्रोसेसर त्यात बसणार नाही. थांब जरा, पुढच्या महिन्यात नवीन येतोय.”

नवीन आला. तर म्हणे, पहिल्या खेपेत खोडी असतात, आधी लोकांना वापरू दे. लोकांनी वापरला. तर म्हणे, आता जुन्याचा भाव पडेल. भाव पडायच्या आत जुना बाजारातून गायब! तोवर मोबाइलवर कोणीतरी त्याच्याही पुढच्याची बातमी दिलेलीच असायची. हा बाबा लग्नाला तरी कसा उभा राहिला, असं सेरवाला वाटायचं. पुढच्या महिन्यात आणखी चांगली बायको येईल म्हणून थांबला कसा नाही!

अशात पोमाआजी दुकानात आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या मयताचं शूटिंग ओदुरोनेच केलं होतं.

“पोरा, फिल्म दे रे लवकर,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मी मान खाली घालून बसलेली. कोण आलं, कोण रडलं, काही दिसलं नाही. आणि हा काचबिंदू. डॉक्टर म्हणतात, उरलीसुरली नजरही जाणार.”

“देतो आजी. पुढच्या महिन्यात अशी देतो, की बघत राहाल!”

आजींची पाठ वळताच सेरवा कडाडली. “जशी आहे तशी दे त्यांना! धक्के खात चालेना का!”

“आजोबांचं मयत एकदाच झालंय, सेरवा. भिकार काम मी देणार नाही.”

“लागो आग त्या पुढच्या महिन्याला! हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतोस. तिचे डोळे थांबणारेत का तुझ्या प्रोसेसरसाठी?”

पण ऐकेल तो ओदुरो कसला! आजी पुन्हा आल्या त्या काठी टेकत. त्यानंतर आल्या त्या शेजारणीचा हात धरून. मग आल्याच नाहीत. सेरवाने दोनदा त्याचं जेवण बंद केलं, तर हा पठ्ठ्या रस्त्यावर केंके, म्हणजे मक्याचे आंबट उंडे, खाऊन आला.

अखेर तो प्रोसेसर बाजारात आला आणि याने चक्क घेतला, बोर्डासकट. फिल्म लोण्यासारखी चालली. दोघं ती घेऊन आजींच्या घरी गेले. आजी एकट्याच होत्या. ओदुरोने टीव्ही लावला, आवाज वाढवला. ढोल सुरू झाले.

आजींनी तोंड फिरवलं ते खिडकीकडे. “लागली का?” त्यांनी विचारलं.

सेरवाने उठून ढोलांचा आवाज कमी केला.

“आजी, इकडे... इकडे बघा ना,” ओदुरो कसाबसा म्हणाला.

“आता अंधार आणि उजेड सारखाच रे मला. तूच सांग. माझे थोरले दीर गावाहून आले होते? रडले का?”

ओदुरो टीव्हीला नाक लावून बसला. एकेकाच्या कपाळावरचा घामसुद्धा लख्ख दिसत होता. पण कोण दीर आणि कोण शेजारी, त्याला काय ठाऊक!

“एक टकले गृहस्थ आहेत, आजी,” तो म्हणाला. “डोळे पुसतायत.”

“टकले तर आमच्यात चौघं आहेत,” आजी म्हणाल्या. “नीट बघ ना रे, पोरा.”